पथ्याचं वेगळं पातेलं

घरात कुणाला शुगर निघाली की आमच्याकडे, धुळे-जळगाव-नंदुरबारच्या पट्ट्यात, दोन गोष्टी हमखास होतात. चहातली साखर बंद होते आणि गॅसवर एक छोटं पातेलं वाढतं. मोठ्या कढईत घरादाराची भाजी, छोट्या पातेल्यात आबांची. आबांच्या भाजीला तेल दाखवल्यासारखं, मीठ चिमूटभर, तिखट अजिबात नाही. तिखटाचा शुगरशी काय संबंध, हे कुणी विचारत नाही. पथ्य म्हटलं की फिकं, एवढं ठरलेलं असतं. पंधरा दिवस हे चालतं, महिनाभर चालतं. मग एखाद्या संध्याकाळी मोठ्या कढईतली शेवभाजी आबांच्या ताटात येते आणि छोटं पातेलं फळीवर जाऊन बसतं.

याचं खापर आबांच्या जिभेवर फोडायची रीत आहे. "त्यांना धीरच निघत नाही," घरातले म्हणतात, डॉक्टरही म्हणतात. मला ते पटत नाही. समोर बसलेली चार माणसं लाल तर्रीत भाकरी चुरून खात असताना पाचव्यानं उकडलेलं गिलकं निमूट गिळावं, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. बदलायची तर मोठी कढई बदला, असं माझं म्हणणं आहे. ते कसं करायचं, कुठवर करायचं आणि कुणाच्या बाबतीत अजिबात करायचं नाही, हे सांगायला जरा जागा लागेल.

आधी एक गैरसमज. घरात "एकालाच" शुगर आहे असं आपण म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ पुष्कळदा इतकाच असतो की बाकीच्यांची तपासणी झालेली नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब अभ्यासाचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि प्रौढांपैकी साधारण ३५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. आबांना जे निघालं ते त्यांच्या मुलाला निघण्याची शक्यता रक्तातच आहे. वर दोघं एकाच कढईतलं खातात. आबांचं पातेलं वेगळं करून आपण मुलाला आणखी दहा वर्षं जुन्या कढईत ठेवतो, आणि मग त्याच्यासाठी नवं छोटं पातेलं घेतो.

दुसरी गोष्ट, ते पातेलं शिजवतं कोण आणि घासतं कोण? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, पुरुषाचा ९७. जवळजवळ पाच तास विरुद्ध दीड तास. त्या पाच तासांत आणखी एक भाजी, आणखी एक फोडणी, आणखी एक डबा बसवायचा, हे सांगणाऱ्याला सोपं असतं. घरात एकाला शुगर, दुसऱ्याला बीपी, लेकाला जिमचं खूळ आणि सासूबाईंची एकादशी असा योग जुळून आला, की सूनबाईंनी खाणावळच काढायची बाकी राहते. असा स्वयंपाक टिकणार नसतोच. पथ्य जिभेमुळे कमी आणि थकव्यामुळे जास्त मोडतं, हे माझं निरीक्षण आहे. ज्या दिवशी लग्नाला जायचं असतं, पाहुणे येतात, कापूस वेचणीची घाई असते किंवा नुसतं अंग दुखत असतं, त्या दिवशी आधी कोणतं पातेलं गळतं, हे वेगळं सांगायला नको.

आता उलट बाजू पाहा. हीच शुगर घरातल्या बाईला निघाली, तर छोटं पातेलं येतच नाही. आबांना पथ्य लागलं की घर हलतं. मायला लागलं तर माय स्वतःच जमवून घेते. तिचं जमवून घेणं म्हणजे काय? सगळ्यांचं जेवण आटोपल्यावर, तीन वाजता, कढईत जे उरलं असेल ते. भाजी कमी उरते, भात उरतो, म्हणून भात. सकाळी रात्रीच्या शिळ्या भाकरीचा कुस्करा, भरपूर तेलाच्या फोडणीचा, कारण अन्न टाकवत नाही. गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितली म्हणून सकाळी आठला घेऊन मोकळी. गोळीनंतर वेळेवर पोटात काही गेलं नाही, की काही गोळ्यांनी साखर धोक्याच्या पातळीखाली घसरते. मग घाम फुटतो, हातपाय थरथरतात आणि त्याला "बीपी लो झाला" म्हणून लिंबू सरबत दिलं जातं. साखरेच्या सरबतानं बरं वाटतं, म्हणून निदान बरोबर होतं असं सगळ्यांना वाटतं. बायकांच्या पथ्याची चर्चा आपल्याकडे होतच नाही, कारण पथ्य म्हणजे कुणीतरी कुणालातरी करून घालायची गोष्ट, असं आपण धरून चाललो आहोत. मोठी कढईच बदलली, तर निदान उरलेलं जे तिच्या वाट्याला येतं ते तरी बरं असेल. माझ्या लेखी वेगळ्या पातेल्याविरुद्धचा सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे.

कढई बदलायची म्हणजे घरभर उकडलेलं खायचं का? मुळीच नाही. खान्देशी स्वयंपाकाबद्दल बाहेर एकच समज आहे: तिखटजाळ आणि तेलात पोहणारा. ढाब्यावर शेवभाजी खाऊन गेलेल्या माणसाचा तसा समज होणारच. पण घरातला रोजचा स्वयंपाक बघा. दादरची, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीची, भाकरी थापताना पिठात मीठ नसतं. तुरीचं घट्ट वरण हळद-मिठाचं, त्यावर तूप पडतं ते ताटात. खिचडीवर कच्च्या तेलाची धार पडते तीही ताटात. ठेचा वेगळा, कांदा वेगळा, लिंबाची फोड वेगळी. म्हणजे मूळ अन्न साधं आणि त्याचा सगळा थाट शेवटच्या क्षणी, ज्याच्या त्याच्या हातानं. पथ्याला नेमकी हीच रचना लागते: शिजताना सगळ्यांचं एक, फरक पडेल तो ताटात. ती आपल्याकडे होतीच. तर्रीवाल्या रश्श्याच्या नादात ती मागे पडली. रश्श्यात तेल, मीठ आणि वाटण पहिल्या मिनिटालाच एकजीव होतं, मग कुणाच्या वाट्याचं काय वेगळं काढणार?

हिवाळ्यातलं भरीतच घ्या. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते हिरवं-पांढरं, हातात मावणार नाही एवढं वांगं तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांच्या जाळावर काळंठिक्कर भाजायचं, साल सोलायची, आणि भाजलेल्या हिरव्या मिरच्या व लसणीबरोबर लाकडी बडगीत ठेचायचं. इथपर्यंत तेलाचा थेंब नाही आणि चव तर जवळपास पूर्ण आलेली असते, कारण भरताची चव धुराची आणि मिरचीची. त्यानंतर येते फोडणी: शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, आणि इथे हात सुटतो. चांगल्या भरीताला वरून तेल दिसलं पाहिजे असा एक संकेत आहे. पाच जणांच्या भरीतात दीड वाटी तेल मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आबांसाठी फोडणीआधी वाडगाभर बाजूला काढणं ही सगळ्यांना सुचणारी युक्ती. ती बरी, पण त्यात पुन्हा आबा वेगळे. मी सांगेन ते थोडं निराळं. शेंगदाणे कोरडे भाजून घ्या. पात कच्चीच मिसळा. ती कच्ची जास्त कुरकुरीत लागते. पाच जणांना मिळून तीन चमचे तेलाची फोडणी द्या आणि मीठ नेहमीच्या निम्मं घाला. मग तेलाची बाटली आणि मिठाची वाटी ताटांजवळ ठेवा. ज्याला हवं त्यानं घ्यावं. पहिल्या दिवशी सगळे घेतील. हळूहळू बाटलीकडे जाणारे हात कमी होतात, कारण मिठाची जीभ सवयीनं बनते आणि काही आठवड्यांत सवयीनंच उतरते. आबांनी मात्र घ्यायचं नाही, आणि ते त्यांना जड जाणार नाही, कारण ताटात सगळ्यांच्या आहे तेच भरीत आहे.

फुणक्यांचंही तसंच. डाळी भिजवून, जाडसर वाटून, त्यात कांदा-कोथिंबीर घालून वाफवलेले गोळे. सोबत कढी. डाळीची प्रथिनं, तळण नाही, भाताची गरज नाही. शहरातल्या आहारतज्ज्ञाच्या कागदावर हा पदार्थ मी कधी पाहिलेला नाही. कागदावर ओट्स असतात, ब्रोकोली असते, ऑलिव्ह तेलही असतं. पारोळ्याच्या बाजारात ब्रोकोली शोधत फिरणारे जिभाऊ डोळ्यांसमोर आणून पाहा. तो कागद घडी घालून देवघराच्या फोटोमागे जातो, दुसरं काय होणार?

इथवर वाचून कुणाला वाटेल, झालं, जुनं ते सोनं. तसं अजिबात नाही. आपल्या परंपरेत पथ्याला पोषक जितकं आहे तितकंच मारकही. उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घालतो ते बिबडे, पापड आणि कुरडया म्हणजे वर्षभराच्या मिठाची बेगमी. शेव तर डाळीचं पीठ, मीठ आणि तेल. ती भाजीत पडली की तेल आणि मीठ दुप्पट. आणि सगळ्यात घातक, कारण पथ्याच्या वेषात येतं ते: "ज्वारी शुगरला चालते, कितीही खा."

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये काढलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यात बघा. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ६८ ग्रॅम कर्बोदकं, अख्ख्या गव्हात साधारण ६५. तंतूही दोन्हींत १० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पोळीच्या जागी भाकरी आली म्हणून साखरेला विशेष फरक पडत नाही. आमची भाकरी थाळीएवढी. तीन भाकऱ्या हाणून "मी तर पोळी सोडलीय" म्हणणाऱ्याची साखर का उतरत नाही, याचं उत्तर पिठाच्या वजनात आहे. पॉलिश केलेल्या तांदळाशी तुलना केली तर मात्र ज्वारी सरस, कारण त्या तांदळात तंतू जेमतेम ३ ग्रॅम. एकदा किराणा काट्यावर एका भाकरीचं पीठ मोजा, मग किती खायच्या हे ठरवा. त्यापेक्षा कळण्याची भाकरी शहाणी. ज्वारीत सालासकट उडीद घालून दळलं की कर्बोदकांचा थोडा वाटा डाळीकडे जातो आणि प्रथिनं वाढतात. फक्त कळणा दळतानाच त्यात मीठ घालायची जी पद्धत आहे, ती बीपी असलेल्या घरानं सोडावी. गुळाचं आणि मधाचं "नैसर्गिक" कौतुक, सैंधव मीठ बीपीला चालतं ही समजूत, हेही त्याच माळेतले मणी. गूळ साखरच आहे आणि सैंधव मीठच आहे.

मिठाचं मोजमाप चमच्यानं करणं कुणालाच जमत नाही, पिशवीनं जमतं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी. पाच माणसांचे झाले २५ ग्रॅम. म्हणजे १ किलोची मिठाची पिशवी पाच जणांच्या घरात ४० दिवस पुरली पाहिजे, तीही लोणचं, पापड, शेव, फरसाण, बिस्किटं यांतलं मीठ सोडून. ते धरलं तर दोन महिने. बहुतेक घरांत पिशवी महिनाही काढत नाही. पिशवी फोडली त्या दिवशी तिच्यावर पेननं तारीख घाला, दुसरं काही करू नका. तेलाचंही तेच: ५ लिटरचा डबा पाच जणांना महिनाभर पुरला, तर माणशी दिवसाला ३० ग्रॅम झाले. लग्नसराई नसताना दोन डबे लागत असतील तर कुणाचं पथ्य चाललंय हा प्रश्नच उरत नाही.

"पण मग पोरांनी काय पाप केलंय? आजोबांच्या आजारासाठी त्यांनी का बेचव खायचं?" हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो फेटाळण्यासारखा नाही. दोन वर्षांच्या पोराला तूप-तेल लागतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, जिथे पोरांचं वजन भरत नाही, तिथे "तेल कमी करा" हा सल्ला कुणी दिला तर त्याला सातपुड्याच्या पायवाटेनं परत पाठवावं. पण म्हणूनच शेवटी वाढून घेण्याची पद्धत कामाची. नवापूरच्या तुरीचं तेच वरण आबांना साधं, पोराला वर चमचाभर तूप. कढईत ओतलेलं तेल आबांच्या ताटातून काढता येत नाही. ताटात घातलेलं पोराच्या ताटातच राहतं. वाढत्या वयाचं पोर, बाळंतीण, क्षयाची औषधं चालू असलेला माणूस, यांना वरून जास्त द्यायचं. बाकीच्यांनी तळाशी असलेलं खायचं.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं पुरेसं नाही, त्यांच्याबद्दल. तीन आजारांत "सगळ्यांचं एक" हा माझा आग्रह जसाच्या तसा चालत नाही.

पहिला किडनीचा. आणि इथे आमचा केळीचा मुलूख गोत्यात येतो. किडनी मंदावलेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम साठतं आणि ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. मध्यम आकाराच्या एका केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. रावेर-यावलकडचा पाहुणा आजाऱ्याला भेटायला येताना काय आणतो? केळ्यांची फणी. नाहीतर शहाळं. दोन्ही आपुलकीचं आणि दोन्ही त्या माणसाला वर्ज्य असू शकतं. त्याहून छुपा धोका कमी सोडियमच्या मिठाचा. त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ मध्ये अशा मिठाच्या बाजूनं शिफारस केली, पण किडनीचे विकार असलेले, गरोदर बाया आणि मुलं यांना वगळून. बीपीच्या काही गोळ्यांबरोबरही ते जपून वापरावं लागतं. तेव्हा घरात एकाला किडनीचा त्रास असेल तर "सगळ्यांसाठी आरोग्याचं मीठ" आणू नका. साधंच मीठ कमी वापरा. भाज्यांतलं पोटॅशियम कमी करायची पद्धत मात्र आपल्या हातातली आहे. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि पाणी फेकायचं. अंबाडीचा आंबटपणा घालवायला आपण हेच करतो: उकडतो, पिळतो, मग फोडणी. किडनीवाल्याची मेथी, बटाटा, गंगाफळ म्हणजे लाल भोपळा, याच रीतीनं करता येतं. डाळ किती, पाणी किती, हे मात्र त्याच्या डॉक्टरनं रिपोर्ट पाहून सांगायचं. डायलिसिस सुरू झाल्यावर तर प्रथिनांचा हिशोब उलटा होतो. इथे शेजारणीचा सल्ला नको, माझाही नको.

दुसरा सिलिअ‍ॅक. गव्हातल्या ग्लुटेननं या माणसाचं आतडं सोलवटतं. खान्देश त्याला खरं तर वरदान. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, सगळ्यांत ग्लुटेन नाही. पण अडचण गिरणीत आहे. गिरणीवाला गव्हाचा घाणा संपवून त्याच पात्यात आपली दादर टाकतो, आणि आधीच्या गव्हाचं पीठ दगडांच्या खाचांत, कापडी नळीत चिकटलेलं असतं ते आपल्या डब्यात उतरतं. आपल्याला काही कळत नाही. त्या माणसाच्या आतड्याला कळतं: ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या अन्नात आपल्या अन्नसुरक्षा नियमांनी किलोमागे २० मिलिग्रॅम ही मर्यादा ठेवलीय; पिठाची मूठभर धूळ तिच्या कैक पट होते. सकाळी पहिला घाणा लावूनही भागत नाही, आदल्या रात्री शेवटचा गव्हाचाच असतो. अशा घरात लहान घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच घालू नये. डबीतलं हिंग पाहावं. बांधलेल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. पोळपाट, तवा, पिठाचा डबा वेगळा. इथे वेगळं पातेलं हवंच, आणि ते फळीवर जाता कामा नये.

तिसरी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. आपल्या स्वयंपाकात कूट कुठे नसतं? खिचडीत, चटणीत, भरीतात, वाटणात. ज्या पोराचा घसा दाण्यानं सुजतो, त्याला "थोडंसं खा, सवय होईल" म्हणणं जिवावर बेतू शकतं. त्या घरातून दाणाच बाहेर काढावा, हे सगळ्यांच्या सोयीचं.

घरातलं एकवेळ जमेल; पंगतीचं काय? आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा वर्षाचा सण. लेकी माहेरी येतात, खापरावर मांडे होतात, पुरण-आमरसाला अंत नसतो. आणि आग्रह! "खाई ल्या हो, एक दिनमा काही व्हत नही." त्या एका दिवसाचं मला वावडं नाही. आखाजीला अर्धा मांडा आणि साखर न घातलेला वाटीभर रस आबांनी खावा, भात सोडावा, संध्याकाळी हलकं खावं. पण आखाजीनंतर लग्नं, लग्नांनंतर सत्यनारायण, मग श्रावण, मग कुणाचं तेरावं, आणि प्रत्येक ठिकाणी तोच "एक दिन". पानात काय घ्यायचं नाही हे खाणाऱ्यानं सांगितलं की विषय संपला पाहिजे. आपल्याकडे तिथून तो सुरू होतो. उपवासाची गंमत याहून वेगळी: एकादशीला साबुदाणा, जो जवळपास निव्वळ स्टार्च, वर बटाटा, आणि गोळी मात्र "आज उपवास आहे" म्हणून चुकवलेली किंवा उपाशीपोटी घेतलेली. भगर बेताची, दाण्याची आमटी, ताक, काकडी एवढ्यावर उपवास होतो. गोळीचं डॉक्टरला आदल्या आठवड्यात विचारावं, एकादशीच्या सकाळी नाही.

सरकारनंही थोडं अंग हलवावं. उपकेंद्रांचं नाव आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालंय. आशाताई तिशीवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात, बीपी आणि शुगर तपासली जाते, हे चांगलं काम आहे. पण शुगर निघाल्यावर सल्ला मिळतो तो ज्याला निघाली त्याला, आणि आबांनी आयुष्यात कधी फोडणी दिलेली नसते. ज्या हातानं घरात मीठ पडतं तो हात तपासणीच्या खोलीत हवा. सूनबाईंना बोलवा, मुलालाही बोलवा. पिशवी किती दिवस पुरते ते विचारा, आणि कागदावर ओट्सऐवजी फुणके लिहा. रेशनचंही बघा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असं स्पष्ट लिहिलेलं होतं. नंतर धान्य मोफत झालं, २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून गाजवलं गेलं, आणि पिशवीत मात्र मुख्यत्वे गहू-तांदूळच राहिला. बाजारात ज्वारी आता गव्हापेक्षा स्वस्त नाही. मजुरी करणाऱ्या शुगरच्या बाईला तुम्ही भात कमी खा म्हणून सांगता आणि रेशनवर तिला तांदूळ देता, यातली विसंगती तिला न शिकताही कळते.

पंगतीचं सोपं आहे, फक्त कुणी सांगत नाही. गेल्या लग्नसराईत एका वरण-बट्टीच्या आचाऱ्याला मी विचारलं, की फोडणीआधीचं साधं वरण एका वेगळ्या बादलीत, मीठ अर्धं घालून, फिरवता येईल का? त्याला यात काहीच नवल वाटलं नाही. वरण तसंही आधी साधंच शिजतं, बादली तेवढी जास्त लागेल, म्हणाला. तळलेल्या बट्टीबरोबर थोड्या न तळलेल्याही ठेवता येतील. उकडून भाजलेल्या असतातच, तळायच्या आधी काढायच्या. भाकरीचं मात्र त्याला जमणार नव्हतं. त्यासाठी त्यानं गावातल्या बचत गटाच्या बायांकडे बोट दाखवलं: त्या नगावर भाकऱ्या करून देतात, पन्नास सांगा नाहीतर पाचशे, पण दोन दिवस आधी सांगायला लागेल आणि पिठाचे पैसे आगाऊ.